शहापूर-मुरबाडचा झाडपाला आणि रक्तातली साखर



साखर कारखान्याच्या पत्रकात रक्तातली साखर उतरवणाऱ्या झाडपाल्यावर लेख आलेला पाहून काहीजण गालातल्या गालात हसतील. हसू द्यात. आम्हाला गटागटांतून जे प्रश्न विचारले जातात, त्यात लागणीची तारीख आणि खोडव्याचे खत यांच्या खालोखाल हल्ली 'साहेब, चांगली गुळवेल कुठं मिळंल?' हा प्रश्न असतो. गटाची सभा संपली की दोन-चार सभासद मागे रेंगाळतात, दवाखान्याचा कागद पुढे धरतात आणि ऊस विकासाच्या माणसाला मधुमेहाचे औषध विचारतात. आम्ही पडलो शेतकी पदविकेची माणसे. औषध सांगणे हे आमचे काम नव्हे. पण वेल कोणता, तो कसा ओळखावा, कसा कापावा आणि त्याच्याबद्दल तपासून काय सिद्ध झाले आहे, एवढे सांगणे आवाक्यातले आहे. म्हणून माळशेज घाट उतरून मुरबाड आणि शहापूर या ठाणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत फिरून आलो.

घाट उतरला की मुलूख बदलतो. ऊस दृष्टीस पडत नाही. भात, नाचणी, वरई ही पिके, आणि बाकी डोंगर व जंगल. सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरला जाताना समोर माहुलीचे सुळके दिसू लागतात. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच शहापूर तालुक्यात. वस्ती ठाकर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी यांची. यातला कातकरी समाज पूर्वी खैराच्या लाकडापासून कात काढायचा, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती सरकारने अतिमागास म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत, त्यात कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी येतात. स्वतःची जमीन थोड्यांनाच. पाऊस संपला की बरीच कुटुंबे वीटभट्टीवर जातात. आपल्याकडे उसाच्या टोळ्या येतात तसाच हा प्रकार, उचल घेऊन हंगामभर बांधून घेण्याचा.

याच शहापुरातल्या कातकरी तरुणांनी गुळवेलीचा धंदा उभा केला. दहा-बारा मित्रांनी मिळून सुरुवात केली, ती गुळवेल तोडून जवळच्या बाजारात विकण्यापासून. पुढे आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था या त्यांच्या संस्थेला केंद्राच्या वनधन योजनेचे साहाय्य मिळाले. करोनाच्या काळात काढ्यासाठी देशभर गुळवेलीला मागणी आली, आणि डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून या केंद्राला ३५० टन गुळवेलीची मागणी आल्याचे २०२१ साली सरकारतर्फे जाहीर झाले. रक्कम १ कोटी ५७ लाख रुपये. आपल्या सवयीने हिशेब केला तर क्विंटलला साधारण साडेचार हजार पडतात. उसाची एफआरपी २०२४-२५ च्या हंगामाला क्विंटलला ३४० रुपये होती. अर्थात ही तुलना सरळ नाही. गुळवेल वाळवून द्यावी लागते, वाळताना वजन बरेच घटते, आणि ती काही एका फडात उभी नसते. झाडाझाडावरून शोधून काढावी लागते. तरी वीटभट्टीची उचल न घेता घरी राहून चार पैसे मिळू लागले, ही गोष्ट त्या वाड्यांवर लहान नाही.

काम कसे चालते ते उसवाल्याला लगेच समजेल. वेल मुळासकट ओढायचा नाही. जमिनीपासून हात-दीड हात बुंधा राखून वरचा भाग कापायचा, म्हणजे खालून पुन्हा फुटवे येतात. आपला खोडवाच म्हणा ना! कापलेल्या वेलाचे तुकडे करून आठ-दहा दिवस वाळवायचे, मग पोत्यात भरायचे. ओला माल पोत्यात गेला तर बुरशी धरते आणि सगळा लॉट परत येतो. नुसता वाळका वेल विकण्याऐवजी चूर्ण केले तर भाव चढतो. ओली कांडी ठेचून पाण्यात भिजवली, गाळून ठेवली, की तळाला पांढरा साका बसतो. तो वाळवला म्हणजे गुळवेल सत्त्व.

आता ओळख. खरी गुळवेल, म्हणजे अमृता किंवा गुडूची, हिचे पान हृदयाच्या आकाराचे, गुळगुळीत. खोडाची साल कागदासारखी पातळ सुटते आणि आत हिरवा गर दिसतो. कांडी आडवी कापली की बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. वरून सुतळीसारख्या मुळ्या खाली लोंबतात. फळे वाटाण्याएवढी, गोल, पिकली की लाल. हिच्याच जातीचा एक दुसरा वेल आहे, शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा. त्याच्या खोडावर गाठीच गाठी, चामखिळी उठल्यासारख्या, आणि फळ लांबट. हा वेल गुळवेल म्हणून खपतो, आणि त्याने यकृताला इजा झाल्याचे दाखले आहेत.

यकृताचा हा विषय थोडा सविस्तर सांगतो, कारण 'झाडपाला आहे, अपाय कसला?' हे वाक्य आम्ही फार ऐकतो. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला सूज आलेले पाहिले आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की, रुग्णांनी खाल्लेला वेल नेमका कोणता याची खात्री केलेली नाही, तो क्रिस्पा असू शकेल. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक दवाखान्यांतून मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. वाद काहीही असो, आमच्या मते शेतकऱ्याने एवढे धरून चालावे: अनोळखी पुडीतली गुळवेल महिनोन् महिने घेऊ नये, आणि घेत असताना भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर ती त्या दिवशी बंद करून दवाखाना गाठावा.

मुरबाडच्या बाजारात रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून एक आजी बसल्या होत्या. पुढ्यात गुळवेलीच्या कांड्या, जांभळाच्या बिया आणि एक हिरवा पाला. आम्ही विचारले, "आजी, हा कसला?" तर दोन पाने काढून हातावर ठेवली. "चाव, दादा." चावली. मग त्यांनी पदराची गाठ सोडून गुळाचा खडा दिला. तोंडात माती घातल्यासारखे वाटले! आयुष्य साखरधंद्यात गेलेल्या माणसाच्या जिभेवर गूळ माती व्हावा, याची आम्हाला गंमत वाटली. आजी हसून म्हणाल्या, "घटकाभरानं येईल परत गोडी."

हा बेडकीचा पाला, म्हणजे गुडमार किंवा मधुनाशिनी. उटकमंडला नोकरीस असलेल्या डेव्हिड हूपर या रसायनज्ञाने १८८७ मध्ये या पानांतले द्रव्य वेगळे करून त्याची माहिती छापली. ते जिभेवरच्या गोडीच्या जागा काही वेळ अडवून धरते. यावरून बरेच लोक उडी मारतात की, तोंडातली साखर मारली तर रक्तातलीही मारणार. ही उडी चुकीची. जीभ वेगळी, रक्त वेगळे. रक्तातल्या साखरेवर या पाल्याचे प्रयोग झाले आहेत, काहींत साखर उतरलेली दिसली आहे, पण ते प्रयोग छोटे आहेत.

बिवळ्याच्या लाकडाचा पेलाही सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री पाणी भरून ठेवायचे, सकाळी तपकिरी झालेले पाणी प्यायचे. या झाडाची, विजयसाराची, तपासणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केली आणि १९९८ साली निष्कर्ष छापले. नव्याने मधुमेह निघालेल्या ९७ रुग्णांना बारा आठवडे औषध दिले, त्यातल्या सुमारे सत्तर टक्क्यांची साखर आटोक्यात आली. ऐकायला उत्तम. पण या प्रयोगात तुलनेचा प्लॉट नव्हता. आम्ही नवीन खत दाखवताना शेजारी बिनखताच्या चार सऱ्या ठेवतो, नाहीतर फरक खताचा की पावसाचा हे कळत नाही; तसेच हे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची अशी तुलना करून तपासणी झाली, तेव्हा चहा पिणारे आणि न पिणारे यांत फरक निघाला नाही. बियांचा प्रश्न त्याने सुटत नाही, परंतु पानांपुरता सुटतो. सप्तरंगीबद्दल एकच सांगतो: औषधात तिचे मूळ वापरतात, मूळ काढले की झाड जाते, तेव्हा ती जंगलातून उपटून आणायला कोणास पैसे देऊ नयेत.

याचा अर्थ वनस्पतीत दम नाही असा नव्हे. आज सरकारी दवाखान्यात साखरेची जी पहिली गोळी बहुधा हातात पडते, ती मेटफॉर्मिन, तिचा उगम गॅलेगा या युरोपातल्या रानवनस्पतीत आहे. त्या झाडात साखर उतरवणारे द्रव्य सापडले, पण ते विषारी होते. त्याच धर्तीचे निर्धोक औषध प्रयोगशाळेत बनवले गेले, आणि ते माणसाला देऊन पाहिल्याचे ज्यां स्टेर्न या फ्रेंच डॉक्टराने १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. पाल्यापासून गोळीपर्यंत एवढी मजल मारावी लागते, तेव्हा किती घ्यावे, किती घेऊ नये हे कळते. वेलाच्या कांडीवर ते लिहिलेले नसते.

आमच्याच एका गटातले एक सभासद. नाव सांगत नाही, चांगले बागायतदार. कोणीतरी 'महिन्यात साखर नॉर्मल' म्हणून चूर्ण दिले आणि यांनी गोळ्या बंद केल्या. मळमळ नाही, दुखणे नाही, म्हणून तीन महिने साखर तपासलीच नाही. पाणी द्यायला अनवाणी गेले असता तोडलेल्या उसाचे बूड तळव्यात घुसले. साखर चढलेली असली की पायाची जाणीव कमी होते. जखम झाल्याचे घरच्यांनी पायपोसावरचे रक्त पाहून सांगितले. शेवटी दोन बोटे काढावी लागली. आता काठी घेऊन बांधावर उभे राहतात, आणि मुलगा बारे देतो.

उलटाही धोका आहे. गोळी चालू आणि वरून कारल्याचा रस, मेथी, गुडमार सगळेच सुरू केले, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर खावी, हे ऊसतोडीच्या मुकादमालाही माहीत असावे. जो पाला घेत असाल तो डॉक्टरांना नाव घेऊन सांगा. लाजू नका. आणि लहानपणापासून ज्याला इन्सुलिन लागते, त्याच्यासाठी कुठलाही पाला नाही. टोरोंटोत १९२१ साली इन्सुलिन सापडेपर्यंत अशी मुले दगावतच होती. त्यांचे इंजेक्शन एक दिवसही चुकवू नये.

राहिली लागवड. गुळवेल टिपरीवरच येते. बोटाएवढ्या जाडीची, दोन-तीन डोळ्यांची कांडी पावसाच्या तोंडावर बांधावरच्या कडुनिंबाशी लावावी. कडुनिंबावर चढलेली गुळवेल वैद्यमंडळी उत्तम मानतात. पाणी तुंबू देऊ नये. विक्रीचा विचार असेल तर आधी खरेदीदार पक्का करावा, मग बांध भरावा. वेलाबद्दल शंका असल्यास पाने, फळे आणि वीतभर खोड घेऊन गट कार्यालयात यावे, ओळख पटवून देऊ. लागणीच्या नोंदी सुरू असल्याने दुपारी तीननंतर आलात तर बरे पडेल.