मुठी वर, शहर गप्प!

मेक्सिको सिटीला निघालात? मग कॅमेरा, गॉगल, सनस्क्रीन सगळं घ्याच. पण इथे खरं काम कानांना आहे. साधारण २,२४० मीटर उंचीवरचं हे शहर, उपनगरं धरून दोन कोटींहून जास्त माणसं, आणि त्यातल्या निम्म्यांना तुम्हाला काहीतरी विकायचंच आहे, असं वाटावं इतका कल्ला!

मुंबईकराला गोंगाटाचं काय कौतुक म्हणा. पण इथे प्रत्येक धंद्याची स्वतःची रिंगटोन आहे. सकाळी कचरागाडीच्या पुढे एक माणूस घंटा बडवत जातो (अगदी आपली घंटागाडी!). सुरी-कात्रीला धार लावणारा सायकल ढकलत छोटी बासरी फुंकतो. संध्याकाळी रताळीवाल्याच्या गाडीतून वाफेची शिट्टी निघते. इतकी कर्कश, की पहिल्यांदा ऐकताना वाटतं, गल्लीत रेल्वे शिरली. आणि सगळ्यांत फेमस म्हणजे भंगारवाल्याच्या टेम्पोवरचा भोंगा. गाद्या, फ्रीज, शेगड्या, मायक्रोवेव्ह... एका छोट्या मुलीचा किनरा आवाज यादी म्हणत राहतो. वीसेक वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याने आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीकडून ती रेकॉर्ड करून घेतली. मुलगी कधीच मोठी झाली, टेप मात्र गल्लोगल्ली फिरतेय.

मेट्रोत तर विचारूच नका. पाच पेसोचं तिकीट, प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर स्वतःचं चित्र, पुढचे डबे बायका-मुलांसाठी (चर्चगेटची सवय असल्याने मी बिनधास्त घुसले), आणि दर स्टेशनला नवा फेरीवाला. च्युइंगगम, चार्जर, टॉर्च. दहा पेसो, दहा पेसो! सूरसुद्धा सगळ्यांचा सेम.

या सगळ्यात एक आवाज असा आहे, जो ऐकून कुणीच हसत नाही. खांबांवरच्या स्पीकरमधून येणारा भूकंपाचा अलार्म. हे शहर उभं आहे ते तळ्याच्या गाळावर. अ‍ॅझ्टेक लोकांची राजधानी बेटावर होती. स्पॅनिश आले आणि पुढे तळं आटवत नेलं. त्या मऊ मातीत भूकंपाच्या लाटा जेलीसारख्या हलतात. म्हणून १९ सप्टेंबर १९८५ चा भूकंप साडेतीनशे किलोमीटरहून लांब, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर होऊनही इथे हजारो माणसं गेली. त्यानंतर ही अलार्म सिस्टीम आली. किनाऱ्याकडे जमीन हलली की शहराला मिनिटभराची तरी उसंत मिळू शकते.

दर १९ सप्टेंबरला ड्रिल असतं. यंदा मी तेव्हा रोमा भागात होते. अलार्म वाजला आणि आयकार्ड गळ्यात घातलेली ऑफिसं अक्षरशः रस्त्यावर उतरली. कुणी कॉफीचा मग घेऊन, कुणी फोनवर बोलत. आपल्याकडच्या फायर ड्रिलसारखंच वाटलं, फक्त टाइमपास कुणी करत नव्हतं. कारण २०१७ मध्येही याच तारखेला सकाळी ११ वाजता ड्रिल झालं, सगळे परत खुर्च्यांवर जाऊन बसले आणि १ वाजून १४ मिनिटांनी खरा भूकंप आला. तोही जवळचा, १२० किलोमीटरवरचा. अलार्म आणि हादरा जवळपास एकदमच. शहरात २२८ जण गेले. त्यातले ४९ एकट्या आल्व्हारो ओब्रेगॉन रस्त्यावरच्या एका ऑफिस बिल्डिंगमध्ये. साधे नोकरी करणारे लोक, तुमच्या-माझ्यासारखे. (२०२२ मध्ये पुन्हा १९ सप्टेंबर, पुन्हा ड्रिलनंतर तासाभराच्या आत भूकंप! योगायोगालाही काही लिमिट असावी.)

मी ज्या बाईंकडे राहत होते, त्या २०१७ मध्ये ढिगारा उपसणाऱ्या रांगेत होत्या. अनोळखी माणसांच्या हातांतून बादल्या पुढे सरकायच्या. मध्येच पुढून एक मूठ वर जायची. मग मागच्याची, त्याच्या मागच्याची. मूठ वर म्हणजे गप्प, खाली कुणाचा आवाज येतोय का ते ऐकायचंय. जनरेटर बंद, इंजिनं बंद, शेकडो माणसं श्वास धरून उभी. बाई सांगत होत्या, एकदा ती शांतता इतका वेळ टिकली की त्यांना शेजारच्याच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं. मग पुढून कुणीतरी पाणी मागितलं आणि बादल्या पुन्हा हलायला लागल्या.