पाढे : पाठांतराआधी मोजणी

पहिली-दुसरीच्या वर्गातून ‘बे एके बे, बे दुणे चार’चा घोष ऐकू आला की शिक्षण नीट चालले आहे, असे आपण समाधानाने मानतो. परंतु त्याच वर्गातील एखाद्या मुलाला मध्येच ‘सहा साती किती?’ असे विचारून पाहावे. पुष्कळदा तो ‘सहा एके सहा’पासून आरंभ करतो, आणि वाटेत एखादी पायरी निसटली तर गप्प उभा राहतो. त्याला पाढा येतो. गुणाकार येत नाही.

पाठांतराला नावे ठेवण्याचे कारण नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही एकेकाळी तोंडी हिशेबाची हत्यारे होती. रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे पाव-अदपाव असताना त्यांच्यावाचून व्यवहार अडत असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने आली, आणि त्या पाढ्यांची गरज ओसरली. मात्र घोकणे म्हणजेच शिकणे, ही समजूत मागे राहिली. जुन्या पाढ्यांच्या पाठीशी बाजार उभा होता. आजच्या पाढ्यांच्या पाठीशी बहुधा केवळ परीक्षा असते.

त्यात मराठी संख्यानामांची अडचण निराळीच. ‘अठ्ठावीस’ म्हणताना आठ आधी येतात, लिहिताना दोन. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसातून एक वजा करावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस आठ’ यासारखे वाचन सुचविले गेले, तेव्हा मोठे वादळ उठले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील हेतू समजावून सांगितला. पण चर्चा भाषेच्या अभिमानाभोवती फिरत राहिली आणि मुलाची अडचण बाजूला पडली.

या अडचणीवरचा सोपा उपाय म्हणजे टप्प्याने मोजणे. साखर कारखान्याच्या ढोकीसारख्या गावात त्यासाठी साहित्य विकत आणावे लागत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मग पाच कोयते म्हणजे माणसे किती? दोन, चार, सहा, आठ, दहा. बैलांचे पाय चारच्या टप्प्याने मोजावेत, हाताची बोटे पाचच्या. चिंचोक्यांचे सारखे ढीग मांडावेत आणि प्रत्येक ढिगावर हात ठेवून बेरीज पुढे न्यावी. दोन, दहा व पाच हे टप्पे आधी घ्यावेत. दोनची दुप्पट चार, चारची दुप्पट आठ. सर्वांत अवघड सात शेवटी. ‘सात अठ्ठे’ विसरले तरी पाच अठ्ठे चाळीस, दोन अठ्ठे सोळा, मिळून छप्पन्न, ही वाट मुलापाशी राहते. एवढे झाल्यावर पाढा अवश्य पाठ करून घ्यावा. कारण आता तो अनुभवाचा संक्षेप असतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत पायाभूत अंकज्ञानाचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांची कित्येक मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर गाव सोडतात, आणि परततात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. नुसते घोकलेले तोवर पुसले जाते. मोजून समजलेले मात्र फडाच्या कडेलाही पुन्हा उभे करता येते.

मुकादमाकडून घेतलेली उचल किती, तोडलेला ऊस किती टन, फेड किती झाली, हा हिशेब ज्याला पडताळता येत नाही, त्याला समोरचा सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. अर्थशास्त्र ज्याला सौदाशक्ती म्हणते, तिचा पाया दुसरीच्या वर्गात घातला जातो. म्हणून किती पाढे पाठ झाले, या प्रश्नाबरोबर शिक्षकांनी व पालकांनी आणखी एक प्रश्न विचारावा: विसरलेला पाढा मुलाला पुन्हा बांधता येतो काय?