बहिणीच्या हाडांत भावाचं रक्त

मुलांनो, मार्केट यार्डात हमालांनी एक दिवस काम बंद ठेवलं तर काय होतं? माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील तिथे हमाली नाहीतर तोलाई करतात. त्यांना विचारा! ट्रक भरलेले आणि दुकानं रिकामी. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे असेच हमाल. प्राणवायूचं ओझं घेऊन रात्रंदिवस फिरतात. पांढऱ्या पेशी रखवालदार. ही सगळी मंडळी तयार होतात हाडांच्या आतल्या मऊ गरात. त्याचं नाव अस्थिमज्जा.

रक्ताचा कर्करोग झाला की या गरात नको त्या पेशी भराभर वाढतात. कामाच्या पेशींना जागाच उरत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशीच एक नऊ वर्षांची मुलगी होती. म्हणजे चौथीतली! २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांनी तिला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातलं हे पहिलं यशस्वी अस्थिमज्जारोपण. अडवाणींना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला. ते चाकाच्या खुर्चीतूनच वावरतात, बरं का!

तुम्ही म्हणाल, भावाचं हाड कापलं की काय? छे! भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. दिसते रक्तासारखी. ती सलाईनसारखी शिरेतून देतात. पुढची गंमत मला फार आवडते. नव्या पेशी फिरत फिरत आपणहून हाडांत जाऊन बसतात. वाट कुणी दाखवावी लागत नाही. देणाऱ्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. दोघांचा रक्तगट वेगळा असेल तर घेणाऱ्याचा बदलून देणाऱ्याचा होतो! मात्र मज्जा जुळावी लागते. सख्ख्या भावंडांत तशी शक्यता चारात एक.

हे सगळं सोपं मात्र नसतं. आधी कडक औषधांनी जुनी मज्जा रिकामी करतात. केस गळतात, तोंड येतं. मग कित्येक दिवस वेगळ्या खोलीत एकटं राहायचं. घरी आल्यावरही काही महिने तोंडाला मास्क, गाडीवरची भेळ बंद, आणि बाळपणीच्या लशी पुन्हा पहिल्यापासून!

असं मूल शाळेत परतलं की काही पालक म्हणतात, ‘बाई, आमच्या मुलाला दुसऱ्या बाकावर बसवा.’ अहो, हा आजार कुणाला लागत नाही. उलट आपला सर्दी-खोकला त्याला लागतो. तेव्हा नाक वाहत असेल तर लांब आपण बसायचं. आणि त्याची टोपी ओढायची नाही हं! केस काही महिन्यांत येतात, कधीकधी तर आधीपेक्षा कुरळे.