आलापल्लीच्या सागाला पाणी कोण चढवते?

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचे एक जुने जंगल राखले आहे. त्याचे नाव ‘वनवैभव’. 2014 मध्ये ते राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरले. तिथले साग तीस मीटरांहूनही उंच गेले आहेत. वर बसवून पाणी शोषणारा पंप कितीही उत्तम असला, तरी सुमारे दहा मीटरांवर हात टेकतो. त्यापुढे हवेचा दाबच पुरत नाही. मग सागाच्या शेंड्याला पाणी पोचते कसे?

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन हा हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे तो किंचित ऋणभारित होतो, हायड्रोजन किंचित धनभारित. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. हाच हायड्रोजन बंध. रेणूच्या आतल्या बंधापुढे याचा जोर जेमतेम विसावा हिस्सा आणि आयुष्य सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाएवढे! पण एक तुटतो न तुटतो तोच दुसरा जुळतो. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी असे बंध त्यात जवळजवळ नसल्याने तो उणे 60 अंशांनाच उकळतो. हा बंध नसता, तर इरई आणि वैनगंगा या नद्या वाहिल्याच नसत्या. पाणी वायूच राहिले असते.

पानांच्या रंध्रांतून वाफ निघाली, की याच हायड्रोजन बंधांमुळे पानातले पाणी मागच्या पाण्याला ओढते आणि ही ओढ खोडातल्या जलवाहिन्यांतून थेट मुळांपर्यंत पोचते. डिक्सन आणि जोली या आयरिश शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये हे मांडले. या चढाईची ऊर्जा झाड नव्हे, ऊन पुरवते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता लागते, कारण हे असंख्य बंध तोडावे लागतात. त्यातूनच पान थंड राहते. चंद्रपूरच्या कोरड्या मे महिन्यात घराघरांतले कूलरही याच कारणाने गारवा देतात.

माती कोरडी पडली, की मात्र ओढ फार वाढते. वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. म्हणून साग उन्हाळ्यापूर्वीच पाने गाळू लागतो. तो पाचोळा मातीतली ओल राखतो. पण मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटवण्याची रीत अजून आहे. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली तरी फुले नीट गोळा होतात. पाचोळा पेटवू नका.