बोअरचे पाणी नितळ. पण फ्लोराइडचे काय?

पिंपरी - पाणी नितळ आहे, वास नाही, चवही बरी आहे, म्हणजे ते पिण्यास योग्य, असा आपला समज असतो. फ्लोराइड हा समज खोटा ठरवते. कारण ते दिसत नाही आणि सहसा चवीलाही कळत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. शहरात व चाकण पट्ट्यात बोअर आणि टँकरचा आधार घेणारी कुटुंबे कमी नाहीत. त्यांनी हा विषय समजून घेणे आवश्यक आहे.

फ्लोराइड येते कोठून?
भूजलातील फ्लोराइड बहुतेक वेळा कारखान्यातून नव्हे, तर खडकातून येते. ग्रॅनाइटसारख्या खडकांतील काही खनिजांतून ते पाण्यात हळूहळू उतरते. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल, तर फ्लोराइडचे प्रमाण फारसे वाढत नाही. कोरड्या प्रदेशात पुनर्भरण कमी होते आणि पाणी खडकात दीर्घकाळ राहते. त्यामुळे तेथे प्रश्न तीव्र होतो.

नांदेडमधील किनवट, यवतमाळमधील पांढरकवडा आणि चंद्रपूरमधील वरोरा परिसर ही राज्यातील परिचित उदाहरणे. विहिरी आटल्यावर खोल हातपंपांनी अनेक गावांना तारले; मात्र काही ठिकाणी त्याच पाण्यातून फ्लोराइड पोटात गेले.

पुणे परिसरातील काळ्या पाषाणात हा धोका सामान्यतः कमी असतो. रावेत बंधाऱ्यातून उचलून निगडीत शुद्ध केले जाणारे पवना नदीचे पाणी पावसाचे असते. त्यात फ्लोराइडची चिंता नसते. मात्र, प्रत्येक बोअर वेगळे असते आणि टँकर कोठे भरला, हे ग्राहकाला क्वचितच ठाऊक असते.

किती चालते?
भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य आहे. दुसरा स्रोत नसेल, तर दीड मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. अल्प प्रमाणात ते दात किडण्यापासून वाचवते. अधिक प्रमाण वर्षानुवर्षे पोटात गेल्यास सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठर होतो. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांचे कायमचे दात हिरडीत घडत असतात. त्या काळात जादा फ्लोराइड गेल्यास दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत. म्हणूनच गावाकडून नोकरीसाठी येथे आलेल्या तरुणाच्या दातांवर असे पट्टे असतील, तर ती खूण येथील नव्हे, बालपणीच्या पाण्याची असते.

उपाय काय?
पाणी उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड मात्र जात नाही. उलट, पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. साध्या कँडलचा किंवा अतिनील किरणांचा फिल्टरही येथे निरुपयोगी. 'आरओ' किंवा सक्रिय अॅल्युमिनाचा फिल्टर उपयोगी पडतो. नागपूरच्या 'नीरी'ने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरणारी 'नालगोंडा' पद्धत विकसित केली. शक्य तेथे पिण्यासाठी नदी-धरणाचे पाणी वापरणे, हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

सर्वांत आधी तपासणी हवी. सोसायटीने बोअरचा नमुना प्रयोगशाळेकडे देताना केवळ जंतूंची नव्हे, तर फ्लोराइडसह रासायनिक तपासणी मागावी आणि अहवाल सूचनाफलकावर लावावा. घरात लहान मुले असतील, तर हे काम पुढच्या बैठकीपर्यंत ढकलू नये.