एक हिरडा, तीन भाव

रानातून गोणी भरून माल येतो, वजनावर विकला जातो आणि मोठ्या शहराकडे निघून जातो. नाशिक जिल्ह्यातील जडीबुटीच्या व्यापाराची ही जुनी रीत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांतल्या वनौषधींपैकी हिरडा आम्ही या लेखासाठी निवडला, कारण आमचे वाचक त्याला तीन धंद्यांतून ओळखतात. अत्तार त्याला हलेला म्हणतो. रंगारी त्याच्या पाण्यात कापड भिजवतो, मग रंग चढवतो. चामडे कमावणाऱ्यालाही तो जुन्या काळापासून लागतो.

या तिन्ही कामांमागे द्रव्य एकच, टॅनिन. सुकलेल्या सालीचा साधारण तिसरा हिस्सा त्याचाच असतो. ते प्रथिनाला घट्ट धरते, म्हणून कातडे कुजत नाही आणि जिभेला तुरट लागते. शास्त्रज्ञांनी हिरड्याच्या अर्काचे पृथक्करण केले तेव्हा त्यात चेब्युलिनिक, चेब्युलॅजिक, गॅलिक आणि एलॅजिक ही आम्ले सापडली. काचनळीत व प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत या अर्काने जंतूंची वाढ रोखल्याचे व पेशींचे नुकसान कमी केल्याचे दिसले आहे. माणसाच्या एखाद्या आजारावर तो हमखास इलाज आहे, असे मात्र यावरून ठरत नाही. हा फरक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा, त्याचे कारण पुढे येईल.

आमच्या जुन्या दवासाजांना ही रसायने नावाने ठाऊक नव्हती, पण फळाचे वय ते बरोबर ओळखत. आठळी धरण्यापूर्वी गळलेला किंवा तोडलेला तो बाळहिरडा, म्हणजे युनानीतला हलेला सियाह. थोडा मोठा पिवळसर तो चांभारी हिरडा, हलेला जर्द. पूर्ण भरलेला तो सुरवारी, हलेला काबुली. फळ जसजसे पिकते तसतसा आतील द्रव्यांचा मेळ बदलतो, हे आता यंत्रावर मोजता येते. हकिमांनी तीन नावे ठेवली ती उगाच नव्हे. (त्रिफळा अरबीत जाऊन इत्रीफल झाला, ही आमच्या आवडीची गोष्ट.)

आणि आम्ही बाजारात काय पाहिले? एका गोणीत तिन्ही वयांचा माल, वर ओल. दुकानदार म्हणाला, "भाव एकच मिळतो, निवडत कोण बसणार?" नुकसान इथेच होते. अर्क काढणारा कारखानदार वजन घेत नाही, द्रव्याची टक्केवारी घेतो. भारतीय औषधी संहितेनुसार हिरड्याच्या सालीतून पाण्यात विरघळणारा अंश किमान 60 टक्के निघाला पाहिजे. आठळीसकट दळलेली भुकटी या कसोटीला कशी उतरणार? ओलीने बुरशी धरते ती वेगळीच. अर्क काढतानाही सांभाळावे लागते. पाणी व अल्कोहोलच्या मिश्रणात तो काढतात, पण आच जास्त झाली की मोठी टॅनिने फुटून त्यांचे गॅलिक व एलॅजिक आम्ल होते. मग मागितला एक अर्क आणि हाती आला दुसरा, अशी गत.

निवडणे, आठळी काढणे, सावकाश कोरडे करणे, यांना मोठे भांडवल लागत नाही. मालेगावात मन्सूरा येथे युनानी महाविद्यालय आहे. दवा ओळखणारी मुले तिथे शिकतात, त्यांना दुकानावर बसवावे.

रानातल्या द्रव्याची किंमत काय होऊ शकते, याचा दाखला आपल्या शेजारचाच आहे. 1925 साली नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत गेले. तिथे त्यांनी डॉ. मन्रो वॉल यांच्यासह 1966 साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधले. 1972 साली तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्यात सापडले. त्याच्यापासून बनवलेली कर्करोगावरील औषधे 1996 साली अमेरिकेत मंजूर झाली. इकडे नरक्याचे लाकूड कच्चा माल म्हणून बाहेर गेले आणि तोडीमुळे झाड दुर्मिळ झाले. हिरड्याचे फळ वेचले जाते, झाड उभे राहते, एवढे आपले नशीब.

आता कायद्याचे. विक्रीसाठी युनानी दवा बनवायची तर 1940 च्या औषध कायद्याखाली परवाना हवा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, अर्क कितीही शुद्ध असो. 2002 च्या जैवविविधता कायद्याने वैद-हकिमांना सूट दिली, पण व्यापारी वापर करणाऱ्यावर नफ्यातला वाटा देण्याची जबाबदारी येऊ शकते. 2023 साली त्यात दुरुस्ती झाली आहे, तेव्हा जुन्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. शासनाच्या आदिवासी विकास महामंडळाचे मुख्य कार्यालयही नाशकातच आहे. बाळहिरडा वेगळा वेचून, वाळवून आणणाऱ्याला वेगळा भाव दिला, तर पुढच्या हंगामात तो आपल्याच दुकानी येईल.