बृहदांत्राच्या कर्करोगाचा टप्पा ठरविताना लसिका ग्रंथींची रेणवीय तपासणी : एक परिचय

प्रस्तावना :

बृहदांत्राचा, म्हणजेच मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात कमी प्रमाणात आढळतो. मात्र ज्या कुटुंबात तो येतो, त्या कुटुंबापुढे शस्त्रक्रियेनंतर एकच प्रश्न उभा राहतो : आता केमोथेरपी घ्यावी की नाही? आर्णीसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णाला या प्रश्नाच्या उत्तरासाठी यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर किंवा थेट मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते. या निर्णयाचा मुख्य आधार म्हणजे लसिका ग्रंथींचा अहवाल. हा अहवाल कसा तयार होतो, त्याच्या मर्यादा कोणत्या व रेणवीय तपासणीने त्यात काय भर पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टप्प्यांची संकल्पना :

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन गटांत वर्गीकरण केले. आतड्याच्या भिंतीपुरता मर्यादित रोग, भिंतीपलीकडे गेलेला रोग आणि लसिका ग्रंथींत पोहोचलेला रोग, असे ते तीन गट होत. आज प्रचलित असलेल्या टीएनएम पद्धतीतही हेच सूत्र आहे. ग्रंथी रोगमुक्त असून गाठ भिंतीच्या स्नायूस्तरापलीकडे गेली असल्यास दुसरा टप्पा, आणि ग्रंथींत रोग असल्यास तिसरा टप्पा मानतात. तिसऱ्या टप्प्यात केमोथेरपीचा लाभ स्पष्ट आहे. दुसऱ्या टप्प्यात तो अल्प आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्वेसार’ या अभ्यासानुसार, केमोथेरपीविना पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण २० टक्के धरल्यास जगण्याच्या प्रमाणात सुमारे ३.६ टक्क्यांचीच भर पडते.

सूक्ष्मदर्शकाची मर्यादा :

दुसऱ्या टप्प्यातील सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांत रोग पुन्हा उद्भवतो. ग्रंथी स्वच्छ असताना असे का घडावे? याचे एक कारण गणिती आहे. पाच मिलिमीटर जाडीच्या ग्रंथीचे पाच मायक्रॉन जाडीचे काप केल्यास एक हजार काप होतील. नेहमीच्या तपासणीत त्यांपैकी एखाददुसराच काप पाहिला जातो. दुसरे कारण ग्रंथींच्या संख्येचे आहे. आतड्यालगतच्या चरबीतून त्या हाताने शोधाव्या लागतात. किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात असा संकेत आहे. पाचच ग्रंथी तपासून ‘रोग नाही’ असे म्हणणे आणि वीस तपासून तसे म्हणणे, यांचा अर्थ एक नव्हे.

रेणवीय तपासणीचे तत्त्व :

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात; परंतु प्रत्येक जनुक सर्वत्र कार्यरत नसते. आतड्याच्या अस्तरपेशींत कार्यरत असलेल्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए लसिका ग्रंथीत सापडला, तर तेथे आतड्याची पेशी पोहोचली असावी, असे अनुमान निघते. या आरएनएपासून प्रथम डीएनएची प्रत तयार करतात आणि नंतर कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये कल्पिलेल्या पीसीआर तंत्राने तिच्या असंख्य प्रती काढतात. त्यामुळे असंख्य निरोगी पेशींत दडलेल्या मोजक्या पेशींचाही माग लागू शकतो. जपानमध्ये विकसित झालेल्या ‘ओस्ना’ या पद्धतीत सायटोकेरॅटिन-१९ या प्रथिनाचा संदेश सुमारे अर्ध्या तासात मोजता येतो. मात्र तपासलेल्या ग्रंथीचा लगदा होत असल्याने तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहता येत नाही.

दोन महत्त्वाचे अभ्यास :

१९९८ मध्ये नेदरलँड्समधील लीफर्स व सहकाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्यातील २६ रुग्णांच्या ग्रंथी सीईए जनुकाच्या आधारे तपासल्या. १४ रुग्णांत सूक्ष्म प्रसार आढळला. केवळ कर्करोगजन्य मृत्यू विचारात घेता त्या गटातील पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ५० टक्के होते, तर उर्वरित १२ जणांत ते ९१ टक्के होते. निष्कर्ष लक्षवेधी होता. नमुना मात्र लहान होता.

२००९ मध्ये अमेरिकेतील वाल्डमन व सहकाऱ्यांनी जीयूसीवाय२सी या खुणेच्या साहाय्याने २५७ रुग्णांच्या २,५७० ग्रंथी तपासल्या. सूक्ष्मदर्शकाखाली या सर्व रुग्णांच्या ग्रंथी रोगमुक्त ठरल्या होत्या. त्यांपैकी २२५ रुग्णांत, म्हणजे ८७.५ टक्क्यांत, ही खूण आढळली. या गटात २०.९ टक्के, तर खूण नसलेल्या ३२ जणांत ६.३ टक्के रुग्णांना रोग पुन्हा झाला.

या आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खूण आढळलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के रुग्णांत त्या अभ्यासाच्या काळात रोग परतला नाही. ग्रंथीत पेशी पोहोचणे म्हणजे तेथे ती रुजणे नव्हे. शिवाय निरोगी पेशींतही काही जनुकांचा क्षीण संदेश आढळतो आणि चाचणी अतिसंवेदनशील झाली की फसवे होकार वाढतात.

उपचाराच्या निर्णयातील स्थान :

म्हणूनच ग्रंथींच्या केवळ रेणवीय होकारावरून रुग्णाला तिसऱ्या टप्प्यात ढकलण्याची प्रथा रूढ झालेली नाही. तसे केल्यास अनेकांना अनावश्यक औषध दिले जाईल. ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे हातापायांना येणारी बधिरता काहींत दीर्घकाळ टिकते. कापूस वेचून पोट भरणाऱ्या हातांसाठी हा परिणाम किरकोळ नाही. अलीकडे रक्तात फिरणाऱ्या कर्करोगजन्य डीएनएकडे लक्ष वळले आहे. २०२२ मधील ‘डायनॅमिक’ अभ्यासात दुसऱ्या टप्प्यातील ४५५ रुग्णांचा समावेश होता. या चाचणीच्या आधारे निर्णय घेतलेल्या गटात १५ टक्के रुग्णांना केमोथेरपी दिली गेली, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात २८ टक्क्यांना. तरीही दोन वर्षांच्या रोगमुक्त जीवनाचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले.

समारोप :

रेणवीय तपासणीने ‘रोगमुक्त ग्रंथी’ या शब्दप्रयोगाची मर्यादा दाखवून दिली, हे तिचे मोठे योगदान होय. परंतु महागड्या यंत्राआधी ग्रंथींचा कसोशीने शोध घेणे आवश्यक आहे. ग्रामीण भागात प्राध्यापकाकडे अनेकदा शेजारी वा विद्यार्थ्याचे पालक वैद्यकीय अहवाल समजून घेण्यासाठी येतात. अशा वेळी उपचाराचा सल्ला देणे हे आपले काम नाही. मात्र ‘किती ग्रंथी तपासल्या?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा, एवढे त्यांना निश्चितच सांगता येईल.